बोलण्यात ठेवलेली माया

ज्या गावात माणूस राहत नाही, चूल पेटत नाही, भुंकायला कुत्रंसुद्धा उरलेलं नाही, अशा गावाचं आर्चबिशपपद तुम्हाला दिलं तर तुम्ही घ्याल का? हसू नका, आधी उत्तर द्या. कमरेला जांभळा पट्टा, बोटात अंगठी, गाडीवर झेंडा आणि समोर कळप म्हणाल तर शून्य. घ्याल?

शिवणकाम करणाऱ्या एका बाईच्या धाकट्या भावानं घेतलं. आणि सख्ख्या बहिणीला सांगितलं नाही.

गोष्ट त्या बाईची आहे. भावाचं काय, त्याच्याबद्दल पुष्कळ छापून आलं. मंत्र्यांशी हात मिळवतानाचे फोटो, मागे पडदे, पुढे फुलदाणी. बाईबद्दल मात्र आजवर कुणी चार ओळी खरडल्या नाहीत, म्हणून हा उद्योग. तिला लोक तोंडावर ताई म्हणतात आणि पाठ वळली की कात्री. तिला दोन्ही माहीत आहे. कात्री म्हटल्याचा राग येत नाही. "कात्रीला निदान धार असते," म्हणते. "तुमच्यासारखी बोथट नाही मी."

चर्चच्या मागे एक लांबट खोली आहे. उंच खिडक्या, सिमेंटची फरशी, भिंतीकडेनं शिवणयंत्रांच्या दोन रांगा, मधे कापड बेतायचं मोठं टेबल. इस्त्रीचा डाग पडलेली एक घोंगडी त्या टेबलावर कायमची. दारातून आत पाऊल टाकलं की चपलेला दोऱ्याचे तुकडे चिकटतात आणि बाहेर पडलेला माणूस कुठून आला ते सगळ्या रस्त्याला कळतं. ही खोली ताईनं उभी केली. नवरा छापखान्यात होता, लवकर गेला. मूल नव्हतं. दीर म्हणाला, आमच्याकडे येऊन राहा, स्वयंपाकाला हात होईल. ही म्हणाली, हात मला माझ्या कामाला लागतात. त्या वेळच्या फादरांकडून ही अडगळीची खोली मागून घेतली, एक जुनं यंत्र आणलं, आणि हळूहळू वस्तीतल्या बाया येत गेल्या. कुणाला नवऱ्यानं टाकलेलं, कुणाच्या नवऱ्याला हिनंच टाकायला लावलेलं. शाळेचे गणवेश, गायकवृंदाचे झगे, वेदीवरची वस्त्रं, नवरीचे पोशाख, सगळं तिथंच शिवलं जातं. तिथं बसणाऱ्या बायकांना घरात आवाज आहे. जिच्या पायाखाली यंत्राचं पायडल असतं तिच्यावर हात उचलताना माणूस दोनदा विचार करतो.

आता भाऊ.

बाप सुतार. घरात एक आरसा होता, भावाच्या चेंडूनं तो फुटला. बापानं विचारलं, "कुणी फोडला?" सात-आठ वर्षांचं पोरगं शांतपणे म्हणालं, "आरसा फुटला आहे, हे खरं आहे." बाप बघतच राहिला. ताईला मार बसला, कारण ती म्हणाली, "मी नाही फोडला," आणि गरिबाच्या घरात आधी नाही म्हणतो तो गुन्हेगार. हा किस्सा ती पुढे कौतुकानं सांगायची. आता दात ओठ खाऊन सांगते.

पोरगं हुशार निघालं. सेमिनरीत गेलं, फादर झालं. त्याचा पहिला पायघोळ झगा ताईनं शिवला, सगळी बटणं हातानं लावली. मग वरच्या लोकांची नजर पडली. चार भाषांत ऐकून घेणारा आणि चारही भाषांत गप्प बसणारा फादर रोज मिळत नाही. त्याला पोपच्या वकिलातींसाठी माणसं घडवतात त्या शाळेत धाडलं. देशोदेशी सरकारं जसे आपले राजदूत ठेवतात, तसे पोपचेही असतात. त्यांनी तिथल्या सरकारशी बोलायचं, नन्सना राहायचे परवाने मिळवायचे, बंद पडलेली शाळा उघडून घ्यायची, कुठला फादर बिशप व्हायच्या लायकीचा आहे याची गुपचूप चौकशी करायची. गुपचूप हा शब्द महत्त्वाचा. ज्याला विचारलं त्यानंसुद्धा, मला विचारलं होतं, असं म्हणायचं नाही.

भाऊ या धंद्यात माशासारखा पोहला. आधी एका वकिलातीत सगळ्यात खालचा, वर्तमानपत्रांची कात्रणं काढणारा. मग दुसऱ्या देशात सचिव, तिसऱ्यात सल्लागार. गरम देश, थंड देश, बंदुकांचा देश. पेट्या बांधायच्या, पेट्या सोडायच्या. आणि एके दिवशी तो राजदूतच झाला. चर्चची रीत अशी की राजदूत व्हायचं तर आर्चबिशप असावं लागतं, आणि आर्चबिशप म्हटलं की त्याला धर्मप्रांत हवा. आता एवढे रिकामे धर्मप्रांत आणायचे कुठून? म्हणून शेकडो वर्षांपूर्वी ओसाड पडलेल्या गावांची नावं जपून ठेवली आहेत, त्यातलं एक द्यायचं. नाव खरं, गाव मेलेलं.

हे ताईला कोण सांगणार? रविवारी वेदीवरून घोषणा झाली, आपल्या वस्तीचा मुलगा अमुक गावचा आर्चबिशप आणि पोपचा राजदूत झाला. टाळ्या पडल्या. ताईच्या कानात फक्त गावाचं नाव राहिलं. नवं गाव, गरीबच असणार. गरीब असणार म्हणजे पोरं पुष्कळ असणार. पोरं म्हणजे बाप्तिस्मा, आणि बाप्तिस्म्याला पांढरं झबलं लागतं.

तिनं फोन लावला. "तुझ्या गावच्या बाळांना झबली पाठवते. पत्ता दे."

"ताई, तिथं टपाल नीट पोचत नाही," भाऊ म्हणाला. "वकिलातीच्याच पत्त्यावर पाठव."

बघा, एक अक्षर खोटं नाही.

त्या वर्षापासून खोलीत एक प्रथाच पडली. गायकवृंदाच्या झग्यांतून उरलेलं पांढरं कापड बाजूला ठेवायचं आणि मोकळ्या वेळात झबली शिवायची. गळ्याला बारीक लेस, पाठीवर बंद. काज करणारी एक बाई होती, तिला सगळे काजवाली म्हणत. तिनं प्रत्येक झबल्याच्या कडेला एवढंसं फूल काढायचं. दर वर्षी गठ्ठा जायचा. ताई फोनवर विचारायची, "पोचली?"

"योग्य हाती पोचली, ताई."

"बाळं कशी दिसली रे?"

"झबली फार सुंदर होती."

विचारलं काय, उत्तर आलं काय. पण भावाचा आवाज कानावर पडला की बहीण कुठे हिशेब लावत बसते? नवरा गेला तेव्हा भाऊ आला नव्हता. म्हणाला होता, "इथली परिस्थिती अनुकूल नाही." तेही तिनं गिळलं होतं.

मग शाळेत भूगोल शिकवणाऱ्या सिस्टर गणवेशाचं माप द्यायला आल्या. ताई सहज म्हणाली, "सिस्टर, तुमच्या नकाशात माझ्या भावाचं गाव दाखवा ना." सिस्टरनी दुसऱ्या दिवशी मोठं नकाशांचं पुस्तक आणलं. टेबलावर पसरलं. बोट फिरवलं, चष्मा पुसला, परत बोट फिरवलं. सगळ्या बाया यंत्र थांबवून भोवती जमल्या.

"लहान असेल," काजवाली म्हणाली.

"लहान गावाला आर्चबिशप देतात होय?" ताई म्हणाली.

तेवढ्यात नवे तरुण फादर डोकावले. काय शोधता विचारलं आणि ऐकून खो खो हसले. "अहो ताई, ते गाव आता नाहीच! दगड आहेत नुसते. फार तर शेळ्या चरत असतील. मानाचं नाव असतं ते, नावापुरतं." मग बायकांचे चेहरे बघून त्यांचं हसू थिजलं. खोलीत एकाही यंत्राचा आवाज नव्हता. टेबलाच्या कोपऱ्यावर त्या वर्षीचा गठ्ठा तयार होता.

ताईनं चर्चच्या कचेरीतूनच फोन लावला. तिथल्या फोनचा आवाज मोठा आणि काजवाली दाराशी उभी राहून ऐकत होती, म्हणून पुढचं अक्षर न् अक्षर वस्तीला पाठ आहे.

"तुझ्या गावात माणसं किती?"

"ताई, ते गाव ऐतिहासिक आहे."

"माणसं किती?"

"सध्या वस्ती विरळ आहे."

"विरळ म्हणजे दहा? पाच? एखादी म्हातारी तरी?"

"नाही."

"मग माझी झबली कुणाच्या अंगावर गेली? शेळ्यांच्या?"

"योग्य हाती पोचली, ताई."

"कुणाच्या हाती?"

"फोनवर नको. बघतो मी. योग्य वेळी बोलू."

तिनं फोन आपटला. त्या वर्षीचा गठ्ठा गेला नाही. झबली वस्तीतच वाटली. काही बायांनी तर त्यांची पिशवी करून दळण आणायला वापरली, इतका राग.

त्या दिवसापासून ताईला एक खोड लागली. भावाचं प्रत्येक वाक्य उसवायचं. वर्तमानपत्रात त्याचं नाव आलं की टेबलावर ठेवायचं आणि बायांना वाचून दाखवायचं. "चर्चा सौहार्दपूर्ण वातावरणात झाली. म्हणजे काय गं?"

"गोडीगुलाबीत झाली."

"खुळी आहेस. काहीच ठरलं नाही, पण चहा प्यायले. आणि हे बघ, मोकळ्या मनानं विचारांची देवाणघेवाण झाली. म्हणजे भांडले. आणि आम्ही नोंद घेतली आहे, म्हणजे?"

"केराच्या टोपलीत!" सगळ्या बाया एका सुरात.

तिनं याला नावही दिलं. शिवणाऱ्यांचा एक शब्द आहे, माया. शिलाईच्या आत कापड थोडं जास्त सोडतात ना, उद्या अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून, ती माया. बाहेरून दिसत नाही. "आमचा भाऊ," ताई म्हणायची, "बोलण्यात माया ठेवतो. आज तुम्हाला वाक्य अंगाबरोबर बसल्यासारखं वाटतं. उद्या त्याला हवं तेवढं तो सैल करतो. वाक्य तेच, माप भलतंच." मग थोडं थांबून, "दुसरी माया असती तर एवढी ठेवली नसती."

अशी वर्षं गेली. भाऊ निवृत्त झाला आणि परत आला. बहिणीकडे राहायला नाही, बिशपच्या बंगल्यातल्या पाहुण्यांच्या खोलीत. लगेच ताईच्या भुवया चढल्या. "एवढं जग फिरला आणि याला बिशपच्याच बंगल्यात खाट सापडली?"

कारण त्याच सुमारास खोलीवर गदा आली होती. बिशपना चर्चमागची जागा मोकळी करून हवी होती. नवं सभागृह बांधायचं, खाली गाड्या लावायची सोय. कागदोपत्री जागा चर्चची, बायांच्या नावावर काय असणार, दोऱ्याचे तुकडे. बिशपनी आधी फादरना पाठवलं. बायांनी फादरना चहा दिला आणि परत पाठवलं. मग बिशपना आठवलं की आपल्या बंगल्यात एक निवृत्त राजदूत रिकामा बसलाय आणि तो त्या कात्रीचा भाऊ आहे. असा योग ज्याला नुसता योग वाटतो, त्यानं खुशाल वाटून घ्यावा. ताईला वाटला नाही.

आर्चबिशप खोलीत आले ते दुपारी. साधा काळा झगा, फक्त कडांना जांभळी किनार. चेहऱ्यावर ते हसू, जे दोन्ही बाजूंच्या फोटोत चालतं. बाया उठून उभ्या राहिल्या, काहींनी अंगठीचं चुंबन घेतलं. ताई बसल्या जागेवरून म्हणाली, "ते स्टूल घे. पाय डगमगतो त्याचा, जपून. आणि टोपी काढ, आई असती तर ओरडली असती."

त्यानं टोपी काढली. स्टुलावर बसला. "बिशपसाहेबांना तुमच्या कामाबद्दल नितांत आदर आहे," त्यानं सुरुवात केली.

"झालं!" काजवाली पुटपुटली. "आदर आला म्हणजे खोली गेली."

"ऐकून तर घ्या. दोन्ही बाजूंच्या भावना समजून घेतल्या पाहिजेत."

"तू कुठल्या बाजूनं आलायस, ते सांग," ताई म्हणाली.

"मी बाजू नाही, ताई. मी दुवा आहे."

"दुव्याला आम्ही कच्चा टाका म्हणतो. पक्की शिलाई झाली की उपटून फेकतात. तुलाही फेकतील हो."

बाया हसल्या. तोही हसला, ते मात्र खरं हसला असावा, कारण दात दिसले. मग त्यानं प्रस्ताव मांडला. बायांनी तात्पुरतं शाळेच्या तळघरात स्थलांतर करावं. सभागृह झालं की परतीचा हक्क तत्त्वतः मान्य आहे. जागेच्या उपलब्धतेनुसार.

"तत्त्वतः," ताई म्हणाली. तिनं कात्री हातात घेऊन हवेतच टाका कापला. "उपलब्धतेनुसार," दुसरा कापला. "तात्पुरतं," तिसरा. "आता बघ काय उरलं. तळघर उरलं. तिथं खिडकी नाही. सुईत दोरा कसा ओवायचा, तुझ्या मेलेल्या गावातल्या उजेडात?"

त्याच्यावर कुणीतरी बादलीभर पाणी ओतल्यासारखं झालं. उठला, टोपी उचलली, "मी पुन्हा येईन," म्हणाला आणि गेला. मागे बायांची खडाजंगी झाली. एक म्हणाली, देवमाणसाचा अपमान केला. दुसरी म्हणाली, देवमाणूस असता तर आधी तळघर बघून आला असता.

तो खरंच पुन्हा आला. एकटा. बाया जेवायला घरी गेल्या होत्या, ताई एकटीच टेबलावर झुकून खुणा करत होती. त्याच्या हातात घडी केलेला झगा. "हा खांद्यात सैल झालाय, ताई. आवळून देशील?"

"बंगल्यावर शिंपी येत नाही का?"

"येतो."

तिनं झगा न उघडताच टेबलावर टाकला. गळ्यातला टेप काढला. "उभा राहा. सरळ. हात वर कर."

त्यानं हात वर केले. म्हातारा झाला होता. सुताराच्या घरातलं ते रुंद खांद्याचं पोरगं आत कुठेतरी वाळून गेलं होतं. टेप छातीभोवती गेला तेव्हा तिला बरगड्या लागल्या. तिनं मनाला बजावलं, पाघळायचं नाही. माप घेणाऱ्या बाईला सगळ्यांच्याच बरगड्या लागतात.

"झबली कुणाला दिलीस?" तिनं पाठीमागून विचारलं.

त्यानं हात वरच ठेवले. मग म्हणाला, "पहिले काही गठ्ठे कपाटातच राहिले. तुला खरं सांगायचं धाडस नव्हतं आणि फेकायची हिंमत नव्हती. मग पुन्हा एका बंदुकांच्या देशात बदली झाली, गठ्ठे पेटीतून बरोबर आले. बाकीच्या वकिलाती बंद करून लोक निघून गेले. आम्ही राहिलो. रस्त्यावरची माणसं फाटक ढकलून आत आली, जेवणघरात, जिन्यात, चॅपेलमध्ये झोपू लागली. त्यात पोटुशा बाया होत्या. मुलं तिथंच जन्मली. कापड कुठे होतं? कपाट उघडलं."

टेप तिच्या हातात तसाच राहिला.

"काही जगली. काहींना त्यातच पुरलं," तो म्हणाला. "नंतर मी तुझ्या गठ्ठ्याची वाट बघायचो. फोनवर सांगता येत नव्हतं. ऐकणारे होते. घरात माणसं आहेत हे कळलं असतं, तर घर राहिलं नसतं. पुढे लढाई थांबली, तेव्हा सांगायला हवं होतं. पण तोवर तू चिडलेली होतीस आणि मला उशीर झाला होता."

तुमच्या डोळ्यांत पाणी आलं असेल, तर पुसा. ताईच्याही आलं. पण ती कात्री होती. तिनं ते बाहीला पुसलं आणि पुढे येऊन त्याच्या तोंडासमोर उभी राहिली.

"हे मला आज का सांगतोयस?"

"तू विचारलंस."

"तेव्हाही विचारलं होतं. कचेरीतून, घसा फोडून. लढाई थांबल्यावर तुझ्या तोंडाला कुणी टाके घातले होते का? आणि आज, खोली जायच्या वेळी, बरोब्बर आठवलं? तुला बिशपनं धाडलंय. आधी बहिणीला मऊ कर, ती उठली की बाया आपोआप उठतील. हाच डाव ना?"

जगभर मंत्र्यांना तोंड दिलेला माणूस. शंभर उत्तरं तयार असणार त्याच्याकडे. त्यानं हात खाली घ्यायला सुरुवात केली.

"हात वरच ठेव," ती म्हणाली. "माप संपलं नाही."

"डाव तोच होता," तो म्हणाला. "झबल्यांचं त्यांना माहीत नाही. पण मला पाठवलं त्याच कामाला."

"मग आता एक सांग. मोठं वाक्य नको. पुढेमागे काही जोडायचं नाही. ही खोली राहणार का? हो की नाही?"

"ताई, निर्णयाची प्रक्रिया..."

"हो की नाही?"

त्याची नजर यंत्रांच्या रांगेवरून फिरली. मग खिडकीकडे गेली. "नाही," तो म्हणाला.

एवढाच शब्द. त्यात कुठेच माया सोडलेली नव्हती.

"मला बोलावलं, त्याआधीच ठरलं होतं," तो पुढे म्हणाला, आणि आवाज असा की स्वतःलाही ऐकू जाऊ नये. "शाळेला सुट्टी लागली की तुम्ही सगळ्या आठवडाभर खोली बंद ठेवता. तेव्हा कुलूप बदलणार. यंत्रं तळघरात नेऊन ठेवणार. तोपर्यंत तुम्हाला बोलण्यात गुंतवून ठेवायचं, हे माझं काम."

"हे तू मला सांगायचं नव्हतंस."

"नव्हतं."

"मग का सांगितलंस?"

"पुढचं विचारू नको. पाठीचं माप घे."

तिनं घेतलं. तो गेल्यावर बाया आल्या, तेव्हा तिनं सगळं सांगितलं, झबल्यांसकट. काजवाली हमसून हमसून रडली, तिनंच ती फुलं काढलेली. पण डोळे पुसून तीच आधी म्हणाली, "ताई, हाही डाव असला तर? नाही म्हणून घाबरवायचं, म्हणजे आपण तळघर तरी पदरात पाडून घेऊ?"

"माझ्याही मनात तेच आलं," ताई म्हणाली. "ज्यानं जन्मभर गोल गोल सांगितलं, त्याचं सरळ बोलणंही मला वाकडंच दिसतं."

"मग करायचं काय?"

"सुट्टी घ्यायची नाही. खोटं असलं तर आठवडाभर जास्तीचे गणवेश शिवून होतील. खरं असलं तर खोली वाचेल. कुठल्याही बाजूनं कापड वाया जात नाही."

सुट्टी लागली. सकाळी कचेरीचा कारकून कुलूपवाल्याला घेऊन आला. दार सताड उघडं, आत सगळी यंत्रं धडधडताहेत, आणि दाराशी ताई डगमगत्या स्टुलावर बसून काळ्या झग्याचे खांदे आवळतेय.

"काय हवंय?" तिनं विचारलं.

"काही नाही. दार तपासायला आलो होतो. अडकतं म्हणे."

"दार नाही अडकत. तू अडकलायस. चहा घे आणि जा."

संध्याकाळी बिशपच्या कचेरीतून निरोप आला की काहीतरी गैरसमज झाला असावा. ताईनं तो निरोप बायांना उसवून दाखवला. गैरसमज म्हणजे पकडले गेले.

त्यानंतर आर्चबिशप बंगल्यात दिसले नाहीत. कुणी म्हणालं, त्यांना लांबच्या वृद्ध फादरांच्या घरात हलवलं. कुणी म्हणालं, त्यांनीच मागून घेतलं. ताईनं फोन करून विचारलं, "तुला तिथं कुणी पाठवलं?"

"इथली हवा मला मानवते, ताई."

"कुणी पाठवलं, विचारतेय मी."

"झगा खांद्यात छान बसला," तो म्हणाला.

तिनं फोन ठेवला आणि बराच वेळ त्या वाक्याकडे बघत बसली. त्याला शिक्षा झाली का? की बिशपनं दिलेलं काम फसल्यावर तो हळूच बाजूला झाला? की तिकडेही कुणाला तरी बोलण्यात गुंतवून ठेवतोय? तिला कळलं नाही. तुम्हाला कळलं असं वाटत असेल, तर तुम्ही फार लवकर विश्वास ठेवता. भाऊ चांगला निघाला म्हणून हुश्श करू नका. खोली अजून सुटलेली नाही.

कारण आता नवा डाव आहे. कुलूप जमलं नाही, म्हणून कचेरीतून म्हणताहेत की ती जागा फारशी वापरात नाही. गिऱ्हाईक येत नाही, काम रोडावलं आहे, म्हाताऱ्या बायांचा गप्पांचा अड्डा आहे. येत्या महिन्यात पाहणीला माणसं येणार आहेत. ती दारात उभी राहून बघणार, आत किती लोक आहेत.

तेव्हा पत्ता शोधा. अवघड नाही, दाराबाहेर दोऱ्याचे तुकडे पडलेले असतात. उसवलेली बाही, फाटका खिसा, सैल झालेली कंबर, जे असेल ते घेऊन या आणि रांगेत बसा. घरात सगळं धडधाकट असेल, तर अंगातल्या शर्टाचं एक बटण उपटा. पण या.